आत घेण्याची खूण

रविवार, १२ जानेवारी

आज सामना नव्हता, तरी वही काढली. एरवी ती किटबॅगेच्या बाजूच्या खिशात असते आणि तिच्यात फक्त मैदानावरचं लिहितो. कोण जिंकलं, कार्ड कोणाला दाखवलं, कुठल्या कोपऱ्यात खड्डा आहे. पण आज सामना घरातच झाला, आणि त्याच्यासाठी वेगळी वही कुठून आणू?

सकाळी फुटबॉल लीगचे सेक्रेटरी आले. या मोसमात कमिटी एक प्रयोग करणार आहे. समोरच्याला मुद्दाम खेचलं, पाडलं किंवा रेफरीशी हुज्जत घातली, तर पिवळ्या कार्डाबरोबर दहा मिनिटं मैदानाबाहेर. रेषेपलीकडे एक बाक ठेवायचा, खेळाडूने त्यावर जाऊन बसायचं. तेवढा वेळ संघ एक माणूस कमी घेऊन खेळणार. वेळ भरली की रेफरीने हात करून त्याला आत घ्यायचं.

मी सेक्रेटरींना तोंडावर सांगितलं की मला हे पटत नाही. वीस वर्षं शिट्टी वाजवतोय. पिवळं म्हणजे सांभाळ, लाल म्हणजे चालता हो. या दोन्हींच्या मधे आणखी काय असणार? दाढीमिशावाल्यांना बाकावर बसवायचं, ही काय बालवाडी आहे?

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. ती शाळेची बस चालवते, त्यामुळे बालवाडीचा विषय निघाला की तिला बोलल्याशिवाय राहवत नाही.

"माझ्या बसमध्ये हेच तर चालतं," ती सेक्रेटरींना म्हणाली. "मारामारी केली की ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर. तिथं खिडकी उघडायची नाही, बोलायचं नाही. दोन-तीन वळणं गेली की मी आरशातून बघते आणि नाव घेऊन परत जागेवर पाठवते."

"पोरं आपली आपण उठत नाहीत?"

"छे. कितीही वांड असू दे, मी हाक मारेपर्यंत हलत नाही. एकदा मी विसरले, तर एक पोरगी तिचा स्टॉप येऊन गेला तरी बसून होती."

सेक्रेटरी हसले. मीही हसलो असतो, पण तिने पुढचं वाक्य टाकलं. "गेल्या वर्षी हा नियम असता, तर त्या डावखुऱ्याचा मोसम वाया गेला नसता. त्याला लाल दाखवायची काही गरज नव्हती."

डावखुरा म्हणजे निळ्या संघाचा डाव्या बाजूचा फॉरवर्ड. फ्रिज दुरुस्त करतो. गेल्या मोसमाच्या पहिल्याच सामन्यात मला म्हणाला, डोळे तपासून घ्या. मी लाल दाखवलं आणि कमिटीने त्याला मोसमभर बंदी घातली. सेक्रेटरी कपात बघत राहिले. चहा अर्धा ठेवून गेले.

दार लावून मी म्हणालो, "बाहेरच्या माणसासमोर माझा निर्णय चुकीचा ठरवलास."

"चुकीचा होता म्हणून म्हणाले."

"माझ्या घरात माझ्या निर्णयांची चिरफाड नको. पटत नसेल तर जा थोडे दिवस तुझ्या ताईकडे. डोकी थंड होतील."

"कोणाची?" तिने विचारलं. मी पेपर उचलला.

तिने बॅग भरली. फार काही घेतलं नाही. दारात सँडलचा पट्टा लावायला एरवी इतका वेळ लागत नाही तिला, आज बराच लागला. मी पेपर वाचत होतो. म्हणजे पेपर समोर धरला होता.

नोंद स्पष्ट असावी म्हणून लिहितो. मी थोडे दिवस म्हणालो आहे, कायमचं जा असं म्हणालेलो नाही. थोडे दिवस झाले की ती येईल.

बुधवार, १५ जानेवारी

काम भरपूर आहे, ते एक बरं. दातांचे डॉक्टर तोंडाचे ठसे पाठवतात, मी त्यात प्लास्टर ओततो, मेणाच्या हिरड्या करतो, त्यावर एकेक दात बसवतो आणि कवळी तयार करतो. माणूस मला कधी दिसत नाही, नुसतं त्याचं तोंड आतून दिसतं. मैदानावर पाठीमागे मला "कवळी" म्हणतात हे मला ठाऊक आहे. बायकोने ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसता हसता तिला ठसका लागला होता आणि पुढचे दोन दिवस फोन उचलून ती "कवळी आहेत का घरात?" असं मलाच विचारत होती.

माझी कामाची खोली घरापासून वेगळी, रस्त्याच्या वळणावर आहे. तिथे रस्ता अरुंद होतो आणि शाळा सुटली की तिची बस अगदी खिडकीला घासून जाते. बस चालवायला लागल्यापासून वळणावर ती दोनदा हॉर्न देते. रस्त्याला त्याची गरज नसते, तो माझ्यासाठी असतो. मी हातातलं काम न सोडता मान वर करतो, बस्स. सोमवारी हॉर्न वाजला नाही, मंगळवारीही नाही. आज मी खिडकीत उभा होतो. एक दात रंगाला बरोबर लागतोय का, ते उजेडात बघत होतो. ती समोर बघत निघून गेली.

एक तयार कवळी डॉक्टरांकडून परत आली. पुढच्या दोन दातांच्या मधे फट हवी म्हणे. म्हातारबुवांच्या मूळच्या दातांत फट होती, आणि ही कवळी घातलेला माणूस आपला नवरा वाटत नाही अशी त्यांच्या बायकोची तक्रार आहे. मी डॉक्टरांना फोनवर सांगितलं की फट हा दोष आहे, आणि मी दोष काढायचे पैसे घेतो, घालायचे नाही. कवळी ड्रॉवरमध्ये ठेवून दिली.

रविवार, १९ जानेवारी

नव्या नियमाचा पहिला सामना. लाल विरुद्ध पिवळे, बरोबरी. बाक कुठल्या तरी बंद पडलेल्या दवाखान्यातून आणलाय. पाठीवर अजून "रांगेत बसावे" असं लिहिलेलं आहे.

त्यावर पहिला मान लाल संघाच्या बचावफळीतल्या स्टॉपरला मिळाला. एरवी तो विमा विकतो, फार गोड बोलतो. मैदानावर आला की त्याच्या अंगात येतं. सुटलेल्या फॉरवर्डला त्याने कॉलर धरून मागे ओढला. मी पिवळं दाखवलं आणि दोन्ही हातांनी बाकाकडे बोट केलं. त्याला वाटलं मी पाणी आणायला सांगतोय. समजलं तेव्हा मुकाट्याने जाऊन बसला. कठड्यावरून कोणीतरी ओरडलं, "नंबर आला की आत सोडतील." सगळे हसले.

सेक्रेटरींनी बजावून ठेवलं होतं की वेळ भरली तरी खेळाडूने आपणहून आत यायचं नाही. आला तर त्याला दुसरं पिवळं. रेफरीने बोलावलं तरच यायचं. वेळ माझ्याच घड्याळावर, कारण आमचे लाइन्समन म्हणजे दोन्ही संघांची राखीव माणसं. त्यांच्या भरवशावर मी माझी सायकलसुद्धा सोडणार नाही.

वेळ भरली तेव्हा स्टॉपर रेषेशी येऊन उभा होता, हात मागे बांधून. मी खूण केली. ती कालच घरी आरशासमोर पाठ केली होती. हात खांद्यापासून पूर्ण वर, मग तळवा आपल्याकडे ओढायचा. घरी करताना हसायला कोणी नव्हतं.

तो धावत आत आला आणि नंतर सामनाभर कोणाला बोट लावलं नाही. खरं लिहायचं तर तक्रार करण्यासारखं काही सापडलं नाही. तरी नियम मला पटलेला नाही. गेलेला माणूस परत आला की त्याच्याकडे कसल्या चेहऱ्याने बघायचं, हे पुस्तकात कुठेच दिलेलं नाही. लाल कार्डाचं बरं असतं. तो प्रश्नच येत नाही.

मंगळवार, २१ जानेवारी

तिचा फोन आला. मी ओल्या हातानेच उचलला.

"पाण्याची मोटर लागते ना वेळेवर?"

"लागते."

"गॅस संपत आला होता."

"दुसरा लावला."

"माझी राखाडी शाल तिथंच राहिली. इथं पहाटे बस काढताना गारठा असतो फार."

"मग साडूंच्या हाती पाठवून देतो."

"नको, राहू दे. चालतंय."

"आणखी काही?"

"तुम्हाला काही सांगायचं होतं का?"

"नाही. इथं सगळं व्यवस्थित आहे. काळजी करू नकोस."

"बरं," ती म्हणाली आणि ठेवला.

मी नीट बोललो असं मला वाटतं. आवाज चढवला नाही, मागचं काही उकरून काढलं नाही. तिला घराचा घोर लागू नये एवढं बघितलं. नंतर शाल शोधली. कपाटात नव्हती, खुर्चीच्या पाठीवर होती, मीच रोज तिला टेकून बसत होतो. तिला डिझेलचा वास येतो आणि थोडा तिच्या केसांचा. परत तशीच टाकून ठेवली.

शनिवार, २५ जानेवारी

सकाळी लेकीचा फोन. ती लग्न करून दुसऱ्या गावी असते, पण तिचे कान याच घरात असतात.

"बाबा, आईला बोलावलंत का?"

"तिला घर माहीत आहे."

"घर माहीत असण्याचा काय संबंध?"

"अगं, मी काय कुलूप लावून बसलोय? तिच्याकडे किल्ली आहे. मी थोडे दिवस म्हणालो होतो, ते होऊन गेले. आता तिने यायचं."

"थोडे म्हणजे किती, ते सांगितलं होतंत?"

लेक आईवर गेली आहे. दोघी प्रश्न असा विचारतात की उत्तर देणाऱ्याचीच चूक ठरते. मी म्हटलं, भट्टीवर भांडं ठेवलंय, नंतर बोलू. भांडं वगैरे काही नव्हतं.

लिहायला लाज वाटते, पण वही माझीच आहे. मला तिची आठवण येते. सकाळी फार येते. उजाडायच्या आत ती उठायची, आणि उठायच्या आधी अर्धवट झोपेत पुटपुटायची, "सावकाश उतरा, मागे बघा." रोज. दिवसभर पोरांना सांगून सांगून जिभेवर बसलेलं. मी चिडवायचो की झोपेत तरी आम्हाला स्टॉपवर सोड. आता जाग येते तेव्हा खोलीत फक्त फ्रिजची घरघर असते आणि मी उगाच पडून राहतो. कशाची वाट बघतो ते मला कळतं, फक्त ते मोठ्याने बोलायला समोर कोणी नाही.

बाथरूममधला आरसा तिने तिरका लावलाय. ड्रायव्हरची खोड, मागचं दार दिसलं पाहिजे. दाढी करताना मला त्यात माझा अर्धाच चेहरा दिसतो आणि उरलेल्या अर्ध्यात रिकामं दार. किती वेळा तिच्यावर करवादलो असेन की हा आरसा सरळ कर. आता स्क्रू-ड्रायव्हर हातात आहे, कोणी अडवणारं नाही, आणि मी हात लावलेला नाही.

गुरुवार, ३० जानेवारी

आज हॉर्न वाजला.

मेणाचा चमचा हातातून टाकला आणि खिडकीशी धावलो. स्टुलाला अडखळून गुडघा फुटला, या वयात. बघतो तर एक सायकलवाला बसच्या आडवा आला होता. हॉर्न त्याच्यासाठी होता. त्याच्या मागची पिशवी पडून बटाटे रस्ताभर झाले होते आणि तो एकेक वेचत होता. बस माझ्या खिडकीसमोर उभी. तिच्यात आणि माझ्यात एक काच, थोडा फूटपाथ आणि दुसरी काच. ती बारीक झाल्यासारखी वाटली. मागची पोरं सायकलवाल्याला बटाटे दाखवत होती, "काका, तिकडं एक, तिकडं."

हात वर करावा असं वाटलं. पण बोटांना मेण लागलं होतं, म्हणून नाही केला.

सायकलवाला निघून गेला तरी बस लगेच हलली नाही. बराच वेळ तशीच उभी होती. गिअर अडकला असावा. जुनी बस आहे. शाळेने आता नवी घ्यायला हवी.

रविवार, २ फेब्रुवारी

सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर मला आज लिहिता येणार नाही.

निळे विरुद्ध हिरवे. डावखुऱ्याची बंदी उठल्यावरचा त्याचा पहिला सामना. सुरुवातीला हात मिळवताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही, माझ्या खिशाकडे बघितलं, जिथे कार्डं असतात. खेळत मात्र छान होता. असा खेळाडू वर्षभर बाहेर होता हे बघताना मला थोडं बोचलं.

दुसऱ्या हाफमध्ये, एक-एक बरोबरी असताना, हिरव्यांचा फॉरवर्ड मोकळा सुटला आणि डावखुऱ्याने मागून त्याचा शर्ट धरून त्याला आडवा केला. उघड फाउल, दुसरा विचार करायची गरज नव्हती. मी पिवळं दाखवलं, दोन्ही हात बाकाकडे केले. सगळं मैदान गप्प झालं, कारण गेल्या वर्षीचं सगळ्यांना आठवत होतं. त्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि जाऊन "रांगेत बसावे"वर बसला.

मी घड्याळाचं बटण दाबलं, मान वर केली, आणि बाकाच्या मागे कठड्याशी ती उभी दिसली.

गडद निळं ड्रायव्हरचं जाकीट, हात कठड्यावर. कधी आली होती कोण जाणे. वाकून डावखुऱ्याशी काहीतरी बोलत होती आणि तो मान हलवत होता. माझे पाय खेळाबरोबर धावत होते, पण मन तिथून हललं नाही. शेवटची शिट्टी झाली की काय करायचं? सरळ तिच्याकडे जायचं? गेलो तर काय बोलायचं? "आलीस का" म्हणायचं, की "कशी आहेस"? की आधी शर्ट बदलून यायचं? वाक्यं जुळवत होतो आणि एकेक खोडत होतो. तेवढ्यात कॉर्नर झाला, निळ्यांच्या मोकळ्या डाव्या बाजूने हिरव्यांनी गोल मारला, ऑफसाइडवरून आरडाओरडा झाला, गोलकीपरचं बोट दुखावलं. निळ्यांचा कोच घसा फोडून ओरडत होता, पण तो प्रत्येक सामन्यात पहिल्या मिनिटापासून ओरडतो, त्यामुळे तो आवाज ऐकायचं मी कधीच सोडून दिलंय. मग शेवटची शिट्टी मारली.

कठड्याकडे वळलो. ती तिथे नव्हती. आणि बाकाच्या पुढे, रेषेच्या दोन बोटं बाहेर, डावखुरा उभा होता. मोजे वर ओढलेले, नाड्या घट्ट बांधलेल्या, हात मागे. घड्याळ बघितलं. त्याची वेळ केव्हाच भरून गेली होती. मी त्याला आत घ्यायलाच विसरलो होतो. त्याचा संघ एक माणूस कमी घेऊन हरला होता.

मी त्याच्यापाशी गेलो. त्याने मला चार शिव्या घातल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या.

"आत का नाही आलास?" मी विचारलं. विचारताना कळत होतं की हा प्रश्न नव्हे.

"तुम्ही बोलावलं नाहीत."

"हाक तरी मारायचीस."

"गेल्या वर्षी एकदा तोंड उघडलं आणि मोसम गेला, साहेब. यावेळी ठरवून आलो होतो, काही झालं तरी बोलायचं नाही." त्याने पायाने थोडी माती उकरली. "तरी मारणारच होतो हाक. पण बाई नको म्हणाल्या."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, थांब जरा. त्यांच्या लक्षात येतं. उशीर लागतो, पण येतं." मग तो म्हणाला, "शेवटपर्यंत माझ्यासोबत उभ्या होत्या. शिट्टी झाली तशा गेल्या."

मी त्याची माफी मागितली. सगळ्यांसमोर, मोठ्याने. वीस वर्षांत मैदानावर हा शब्द मी पहिल्यांदा वापरला आणि तो मला वाटला होता तितका जड निघाला नाही. निळ्यांच्या कोचने मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही, पण त्यातलं बरंचसं खरं होतं.

सगळे गेल्यावर मी त्या बाकावर बसलो. मला नेहमी वाटायचं की बाहेर पाठवणं हे कठीण काम आहे, धीट माणसाचं. ते तर सोपं आहे. हात लांब केला की झालं. तिलाही मीच बाहेर काढलं होतं, आणि मग घरात बसून रोज तिच्यावर रागावत होतो की ही अजून येत कशी नाही. जा मी म्हणालो होतो, तर ये दुसरं कोण म्हणणार होतं? ती रोज रेषेपर्यंत येऊन उभी राहत होती. फोनवर आली, खिडकीसमोर आली, आज तर खरोखरच्या रेषेवर येऊन उभी राहिली. आणि मी मोटर व्यवस्थित लागते म्हणून सांगत बसलो.

सोमवार, ३ फेब्रुवारी

सकाळी सेक्रेटरींना फोन करून काल काय झालं ते सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग नियम काढून टाकायचा?"

"नियमात काही खोट नाही. ठेवा. माझ्या जागी महिनाभर दुसरा रेफरी द्या."

"म्हणजे तुम्ही स्वतःलाच बाकावर बसवताय?"

"हो, पण आठवणीने परत बोलवा," मी म्हणालो. ते हसले. मी हसण्यासाठी म्हटलं नव्हतं.

शाळा सुटायच्या वेळी हात स्वच्छ धुतले, एकही बोट मेणाचं ठेवलं नाही, आणि वळणावर फूटपाथच्या कडेला जाऊन उभा राहिलो. पलीकडचा चष्मेवाला दुकानाबाहेर येऊन बघायला लागला. बघू दे म्हटलं. बस आली. मी हात खांद्यापासून पूर्ण वर केला आणि तळवा आपल्याकडे ओढला.

बस पोरांनी खच्चून भरलेली होती, थांबणार कशी? ती गेली. खिडक्यांतून सगळी पोरं माझ्याकडे बघून तोच हात करत होती. हॉर्न वाजला नाही.

खोलीत परत आलो. काम सुचेना. मग ड्रॉवरमधून ती म्हातारबुवांची कवळी काढली. पुढचे दोन दात सोडवून पुन्हा बसवायला घेतले, मधे फट ठेवून. किती ठेवायची हे डॉक्टरांनी सांगितलेलं नव्हतं, पण बायकोला नवरा ओळखू येईल इतकी. शेवटचं मेण सारखं करत होतो तेव्हा बाहेर दोनदा हॉर्न वाजला.

बस उलट्या दिशेने आली होती, रिकामी. पोरांना सोडून परत. दार उघडलं. मी फूटपाथवर, ती वर सीटवर, इंजिन चालू.

"कोणाला बोलावत होता मघाशी?"

"तुला."

"हात दिसला. ऐकू काही आलं नाही."

तिथे चष्मेवाला होता, दोन गिऱ्हाइकं होती. मी म्हणालो, "घरी ये. मी तुला जा म्हणालो, तेव्हाच ये म्हणायचं कामही माझ्याकडेच आलं होतं. फार उशीर केला. मला तुझ्याशिवाय करमत नाही."

ती स्टिअरिंगकडे बघत राहिली. नाक ओढलं. मग म्हणाली, "चढा. मागच्या सीटवर."

"दहा मिनिटं?"

"ते मी ठरवणार. आणि शाळेच्या बसमध्ये बाहेरचा माणूस घेता येत नाही, तेव्हा गप्प बसा."

ड्रायव्हरच्या मागची सीट लहान पोरांच्या मापाची आहे. गुडघे हनुवटीला लागत होते, त्यातला एक अजून दुखरा. समोर तिची वेणी आणि वर लांबट आरसा. खिडकी उघडली नाही, बोललो नाही. आमच्या गल्लीचं वळण आलं, ते तिने घेतलं नाही. बाजाराला वळसा घातला, शाळेवरून गेलो, मैदानावरून गेलो. बाक अजून तिथेच होता. गल्लीचं वळण दुसऱ्यांदा आलं, तेही गेलं. खरं सांगायचं तर मला उतरायची घाई नव्हती. आरशात तिचे डोळे दिसत होते, रस्त्यावर असायचे आणि मधूनच माझ्यावर यायचे.

तिसऱ्या वेळी तिने बस वळवली. मोठी बस गल्लीत मावत नाही, तोंडाशीच लावावी लागते. तिने इंजिन बंद केलं, सीटखालून बॅग काढली, तीच बॅग, आणि माझ्याकडे न बघता उतरून घराकडे चालू लागली. बॅग सकाळपासून तिथेच होती की कालपासून, हे मी विचारलं नाही. सीटवरच बसून राहिलो. नियम मला माहीत होता.

दाराशी पोचून तिने किल्ली लावली. दार ढकललं. मग वळली, हात खांद्यापासून पूर्ण वर केला आणि तळवा आपल्याकडे ओढला.

मी मागे बघून, सावकाश उतरलो.